वजन, वस्तुमान आणि तीन मिनिटं

सोमवार, ६ जुलै
मोठ्या बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. नववी ब मधल्या अडतीसपैकी एकतीस मुलांना वस्तुमान आणि वजन यातला फरक सांगता येत नाही. पंधरा तारखेच्या चाचणीतही हेच झालं, तर वर्ग नवीन मॅडमकडे जाणार. त्या दीड-दीड मिनिटाचे व्हिडिओ करतात, मुलांना आवडतात, असंही बाईंनी ऐकवलं. मी बावीस वर्षं शिकवतोय. नवीन मॅडम तेव्हा बालवाडीत असतील.
संकल्प: मीही व्हिडिओ करणार. तीन मिनिटं. एक शब्द जास्त नाही.

मंगळवार, ७ जुलै
स्क्रिप्ट तयार. एकोणीस पानं. काटछाट करायला बसलो, बावीस झाली. सौ. म्हणाली की मुलांचं स्वागत करण्यातच दीड पान गेलंय. तिचं शास्त्राशी कधी जमलंच नाही.

बुधवार, ८ जुलै, संध्याकाळी ६
हॉलमध्ये शूटिंग. पहिल्यांदा कुकरची शिट्टी. दुसऱ्यांदा शेजाऱ्यांचं ड्रिल मशीन. तिसऱ्यांदा सगळं अप्रतिम, फक्त रेकॉर्डचं बटण दाबायचं राहिलं. चौथ्यांदा सलग सत्तावीस मिनिटं बोललो. स्वतःच भारावून गेलो.
लेकीने विचारलं, तीन मिनिटांचं काय झालं. तिला म्हटलं, गुरुत्वाकर्षण म्हणजे काय नूडल्स आहेत? तिने कापून नऊ मिनिटांवर आणलं. हल्लीच्या मुलांना मोठ्यांच्या कष्टांची किंमत नाही.

गुरुवार, ९ जुलै
नवी पद्धत सुरू. व्हिडिओ घरी बघायचा, वर्गात फक्त शंका विचारायच्या. विचारलं, कुणाला शंका? एकही हात नाही. म्हणजे शंभर टक्के समजलं. उरलेल्या तासात व्हिडिओ कसा बनवला ते सविस्तर सांगितलं.

शनिवार, ११ जुलै
चारशे बारा व्ह्यूज! अडतीस मुलांचा वर्ग!
लेकीने आलेखही दाखवला. चार मिनिटं दहा सेकंदांपासून पुढचं अर्धं मिनिट मुलांनी पुन्हा पुन्हा पाहिलंय. तिथे मी सूत्र सांगतो. मला वाटलंच होतं. स्टाफरूममध्ये नवीन मॅडमना समजावलं की मुलांना हलकंफुलकं नको असतं, खोली हवी असते. त्या रुमालाने तोंड झाकून घाईघाईने बाहेर गेल्या. बिचारीला फार लागलं असावं.

सोमवार, १३ जुलै
बाईंनी व्हिडिओ मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर लावला. चार-दहाला माझ्यामागे बाबा येतात. चष्मा शोधतायत. सोफ्याखाली बघतात, फुलदाणीत बघतात, मग हळूच वाकून माझ्या खिशात बघतात. चष्मा त्यांच्या कपाळावर. मी सूत्र सांगतोय. सगळा स्टाफ खो-खो हसला. शिपाईसुद्धा.
अपलोड करण्याआधी तुम्ही पाहिला नव्हता का, असं बाईंनी विचारलं. पाहायला बसलो होतो. पण सलग नऊ मिनिटं वेळ कुणाला असतो?
लाज वाटली. खरंच वाटली. वर्ग आता जाणार. घरी आलो तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. पुढचं शूटिंग कधी, म्हणून विचारत होते.

मंगळवार, १४ जुलै
चाचणी उद्या. नवीन स्क्रिप्ट वाचून दाखवत होतो. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने मध्येच विचारलं, चंद्रावर दप्तराचं वजन कमी होतं, तर आतलं नेमकं काय कमी होतं? राग आला. हे व्हिडिओत सातव्या मिनिटाला आहे!
तिचंच दप्तर ताणकाट्याला लटकवलं. काटा पाचवर. दप्तराला खालून थोडा हात लावला, काटा तीनवर. मग तिला पुस्तकं मोजायला लावली. होती तेवढीच. म्हटलं, आतलं सामान म्हणजे वस्तुमान. ते कुठेही गेलं नाही. पृथ्वी त्याला खाली ओढते, ती ओढ म्हणजे वजन. चंद्राची ओढ कमी, म्हणून काटा कमी, एवढंच. तिथे हात लावायला मी लागत नाही. मागच्या बाकांवरून एक लांबलचक ‘हां!’
जेमतेम तीन मिनिटं गेली. आणि फोन स्टाफरूममध्ये! व्हिडिओचा केवढा चान्स गेला. दिवसच वाईट.

गुरुवार, १६ जुलै
चाचणीचा निकाल. अडतीसपैकी चौतीस बरोबर! वर्ग माझ्याकडेच राहिला. डोळे भरून आले, पण ते स्टाफरूममधल्या धुळीमुळे. बाईंनी कारण विचारलं. अर्थातच व्हिडिओ, असं सांगितलं. चष्म्यावाला नव्हे, नवीन, तीन मिनिटांचा. त्या म्हणाल्या, दुपारी दाखवा.
धावत वर्गावर गेलो. फोन रेकॉर्डिंगला लावला, दप्तर लटकवलं, त्या मुलीला उभं केलं आणि परवाचा प्रश्न तसाच्या तसा विचार म्हटलं. तिने दप्तराकडे आणि फोनकडे पाहिलं. मग म्हणाली की सर, आता कसा विचारू, मला कळलंय.