मठाच्या फेरीत पुढे कोण

६ ऑगस्ट, रविवार
पंधराला मरियामातेचा सण. पडक्या मठात मिस्साची प्रार्थना, मग मठाभोवती फेऱ्या. जपमाळ घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायचा मान इतकी वर्षं माझा. आज फादर टियर्नींनी जाहीर केलं, यंदा पुढे कन्सेप्टा गेराटी. तिने म्हणे जुन्या मठांचा कोर्स केलाय. दोन दिवसांचा.
मला काहीही वाटलं नाही.

७ ऑगस्ट
झोप नाही. चहा कडक झाला असणार. पण मी तर चहाच्या एकाच पिशवीत दोघांचा चहा करते.

९ ऑगस्ट
चर्चच्या दारात कन्सेप्टा. नवी निळी टोपी. म्हणाली, फिली, रागावली नाहीस ना गं? म्हटलं, छे, उलट सुटले, गुडघे दुखतात. तर म्हणे, तेच मी फादरना सांगितलं!
माझे गुडघे ठणठणीत आहेत.
संकल्प: तिला नम्रता यावी म्हणून रोज एक प्रार्थना.

१२ ऑगस्ट
मठात गेले. ह्यांनी विचारलं, कशाला? म्हटलं, आईच्या थडग्यावरचं गवत काढायला. तिथे कन्सेप्टा दोन जर्मन पाहुण्यांना खिडकी दाखवत होती. पंधराव्या शतकातली म्हणे. मलाही माहीत होतं. मला कोणी विचारलं नाही.
आईला सगळं सांगितलं. आई ऐकून घेते.
प्रार्थना राहिली.

१४ ऑगस्ट
ठरलं. उद्या मिस्सा संपताच सगळे दारातून निघतील, मी पूर्वेच्या भिंतीच्या भगदाडातून. मान मागायचा नाही. आपणहून आला तर नाकारायचाही नाही.

१५ ऑगस्ट, संध्याकाळ
भगदाडातून पहिली बाहेर मीच. ज्या हाताला मोकळं दिसलं तिकडे वळले, मोठ्याने 'नमो मरिया' सुरू केलं. मागे पावलं ऐकू येईनात. कोपऱ्यावर समोरून कन्सेप्टा, तिच्यामागे अख्खं गाव.
मठ उजव्या हाताला ठेवून फिरायचं असतं. डाव्या हाताला ठेवून जप करत फिरतात ते फक्त कुणाला शाप द्यायला. हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक.
पॅकी म्हातारा ओरडला, कुणाचं वाटोळं करायला निघालीस गं बाई? सगळ्यांनी कन्सेप्टाकडे पाहिलं. ती रडायलाच लागली. बायका तिला पोटाशी धरून उभ्या.
म्हटलं, घाईत चुकले. घाई कसली, फादरनी विचारलं.

१६ ऑगस्ट
हे बातमी घेऊन आले, कन्सेप्टाची गाय लंगडतेय. गाव माझंच नाव घेतंय म्हणे. देव साक्षी आहे, मला वाईट वाटलं. दिवसभर जरा बरंही वाटत होतं, पण ते ऊन पडलं होतं म्हणून.

१८ ऑगस्ट
फादर आले. त्यांच्यासाठी चहाची नवी पिशवी काढली. म्हणाले, असल्या जुन्या समजुतींवर माझा विश्वास नाही, पण लोकांचा आहे ना, फिलोमिना. रविवारी सर्वांसमोर सुलट फेऱ्या घाल, म्हणजे विषय मिटला. कन्सेप्टाच्या मागोमाग.
म्हटलं, मागोमाग कशाला? तर म्हणाले, शाप तिलाच ना दिलास?

२० ऑगस्ट, रविवार
फेऱ्या झाल्या. सणालाही नव्हती एवढी गर्दी. शेवटी कन्सेप्टाने मला मिठी मारली, मोठ्याने म्हणाली, मी तुला केव्हाच माफ केलं, फिली. लोकांच्या डोळ्यांत पाणी. फादरही गहिवरले. म्हणाले, किती सुंदर दृश्य होतं हे, आता दर वर्षी असंच करूया. पुढे कन्सेप्टा, मागे फिलोमिना.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.