अध्यक्षांच्या दाढीची वेळ

चि. धाकटीस,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात डावा दुखतो असं होतं आणि त्याच्या आधीच्या पत्रात उजवा. दोन्ही दुखत असतील तर तसं स्पष्ट लिही, एकच दुखत असेल तर कुठला ते एकदा ठरव. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम तू करत नाहीस, हे मी इथे बसून सांगू शकते. आम्ही बरे आहोत. म्हणजे मी बरी आहे. हे बरे नाहीत, आणि त्यासाठीच हा पत्रप्रपंच.

निवडणूक हरल्यापासून यांनी एकच धोशा लावलाय, की असल्या लोकांत राहायचं नाही. घर विकायचं आणि कायमचं तुमच्या देशात येऊन राहायचं, असं यांनी ठरवलं आहे. ‘आपण’ ठरवलं आहे असं ते म्हणतात. मला ते सोमवारी सकाळी कळलं. (यांची लग्नापासूनची एक खोड तुला माहीत आहे. महत्त्वाचं काही सांगायचं असलं की ते नेमके मी अंबाडा घालत असताना सांगतात. माझे दोन्ही हात मानेमागे आणि ओठांत केसांचे आकडे, त्यामुळे मला ‘हं’पलीकडे बोलता येत नाही. तेवढ्यात ते बोलून घेतात आणि ‘हं’ हा होकार धरतात.) तसं पत्र यांनी तुला टाकलंय, ते एव्हाना पोचलं असेल. त्याला उत्तर देण्याआधी हे नीट वाच. वरवर चाळू नकोस.

मुळापासून सांगते. तुझे जावईबापू आमच्याकडे उतरले होते, ते कशासाठी हे तुला माहीतच आहे. वादग्रस्त पुढाऱ्याला लोक पुन्हा पुन्हा का निवडून देतात, या विषयावर त्यांना लिहायचं होतं, आणि आमचं गाव त्यासाठी फार सोयीचं निघालं. कारण गावाला तसा नगराध्यक्ष आहे आणि मावसजावयाला राहायला फुकट खोली आहे. माणूस गुणी आहे. स्वतःचं ताट स्वतः घासतो. आपली भाषा मात्र ते तुझ्याशी फोनवर बोलून शिकलेले, त्यामुळे एवढा उंचापुरा मनुष्य ठेच लागली की ‘अगं बाई!’ म्हणतो. दोष म्हणशील तर एकच. उत्तर ते येतानाच घेऊन आले होते, इथे फक्त त्याला साजेसे प्रश्न विचारत फिरले. लोक भ्यालेले आहेत, भारलेले आहेत किंवा अडाणी आहेत, या तिन्हींपैकी नक्की कुठलं, एवढंच त्यांना ठरवायचं होतं.

आमच्या नगराध्यक्षांना गाव तोफसाहेब म्हणतं. ते बोलायला लागले की समोरच्याला कानांत बोटं घालावीशी वाटतात, आणि थांबणं त्यांना ठाऊक नाही. बाजारातलं कारंजं त्यांनी कुणाला न विचारता पाडलं. पाणीखात्याच्या इंजिनिअरची खुर्ची खिडकीतून खाली फेकली. (इंजिनिअर त्या वेळी खुर्चीत नव्हता, एवढं मी प्रामाणिकपणे सांगते. तो खुर्चीत कधीच नसायचा, म्हणून तर फेकली.) रस्त्यावरच्या दिव्यांचं कंत्राट स्वतःच्या जावयाला दिलं, त्याबद्दल कोर्टात खटला चालू आहे. भर सभेत प्राध्यापकीला ‘पगारी झोप’ म्हणाले, तेव्हा हे पहिल्या रांगेत बसले होते, आणि चक्क जागे होते. त्याच दिवशी घरी येऊन यांनी निवडणुकीला उभं राहायचं ठरवलं. (मी अंबाडा घालत होते.)

आम्ही घरोघर फिरलो. जिथे जाऊ तिथे लोक यांच्या पांढऱ्या दाढीकडे बघून उठून उभे राहायचे, बसवून घ्यायचे, पाणी द्यायचे, आणि मग तोफसाहेबांचा उद्धार सुरू व्हायचा. काय एकेक बोलायचे! कारंजं काढलं, दिवे काढले, जावई काढला. एका म्हातारीने तर अशा काही झणझणीत शिव्या घातल्या, की जावईबापूंची वही संपली आणि उरलेल्या त्यांनी मनगटावर लिहून घेतल्या. घरी परतताना हे हात चोळत म्हणायचे, ‘वारं फिरलं.’ जावईबापूंनी तर तोफसाहेब पडणार असं लिहून तिकडे पाठवूनही दिलं. मीही फसले. सगळ्या गावाने ज्याला शिव्या घातल्या, त्याला गाव पाडणारच, असं मलाही वाटलं.

तोफसाहेब मागच्या वेळेपेक्षा जास्त मतांनी निवडून आले. आम्ही आमच्या स्वतःच्या गल्लीतसुद्धा पडलो. निकालाच्या दिवशी ती म्हातारी पुढे होऊन नाचत होती.

तेव्हापासून हे आणि जावईबापू समोरासमोर बसून लोकांची बुद्धी काढत होते. हे म्हणायचे, लोक गाढव आहेत. जावईबापू म्हणायचे, तसं म्हणू नये, लोक भ्यालेले आहेत. (परदेशी माणूस सभ्य असतो. गाढव म्हणायचं असलं की भ्यालेला म्हणतो.) तुझंही पत्र आलं, की तुमच्याकडे सगळे आम्हाला हसतात आणि तुला आमचं गाव कुठलं ते सांगायची लाज वाटते. मी ते पत्र घडी करून ठेवून दिलं. पण निकाल लागून आठवडा झाला नसेल, तोच आमच्या दारासमोर पाण्याचा पाइप टाकायला चर खणला आणि तसाच उघडा ठेवला. यांना बाहेर पडायला फळीवरून तोल सांभाळत जावं लागे. हे म्हणाले, हा सूड आहे. मी म्हटलं, सूड की आळस ते मी बघून येते. आणि जावईबापूंना सोबत घेऊन थेट तोफसाहेबांच्या घरी गेले.

आता नीट वाच, कारण सगळं इथेच आहे. तोफसाहेब रोज सकाळी घरच्या पुढल्या खोलीत दाढी करून घेतात. दार सताड उघडं. मधोमध उंच खुर्ची, गळ्याभोवती टॉवेल, तोंडभर फेस आणि सलूनवाल्याच्या हातात वस्तरा. भिंतीला बाकं लावलेली, त्यांवर लोक. फार वर्षांपूर्वी नळाला पाणी आलं नाही म्हणून कुणीतरी तणतणत आत घुसला. साहेबांच्या गळ्यावर वस्तरा होता, त्यांना तोंड उघडता येईना. तो माणूस पोटभर बोलला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी दोघे आले. तेव्हापासून रिवाजच पडला, की साहेबांच्या तोंडाला फेस आहे तोवर ज्याला जे बोलायचं ते त्याने बोलावं. साहेबांना फक्त भुवया हलवायची मुभा. आणि एखाद्याची तक्रार सलूनवाल्याला पटली, तर तो काही न बोलता ब्रश बुडवतो आणि दुसऱ्यांदा फेस लावतो.

जावईबापू हा प्रकार पूर्वीही एकदा दारातून बघून गेले होते. तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, की इथला सत्ताधीश जुन्या राजांसारखा प्रजेला आपलं मुखमार्जन बघायला बोलावतो. प्रजा बोलते आहे आणि राजा गप्प आहे, एवढं काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मी आत गेले तशी बाकं गप्प झाली. पडलेल्या उमेदवाराची बायको! कुणीतरी पुढे जागा करून दिली. मी चरापासून सुरुवात केली. मग म्हटलं आलेच आहे तर कारंजंही घेते. मग दिवे घेतले, जावई घेतला, पगारी झोप घेतली. (कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेनंतर इतकं सलग मला कुणी बोलू दिलं नव्हतं.) दुसऱ्यांदा फेस लागला. जावयाच्या कंत्राटावर आले तेव्हा तोफसाहेबांनी भुवई उचलली. मी म्हटलं, ‘ती खाली घ्या.’ त्यांनी घेतली. सलूनवाल्याने तिसऱ्यांदा ब्रश बुडवला. बाकांवरून ‘ओहो’ असा आवाज आला, कारण तिसऱ्यांदा फेस आजवर कुणालाच मिळाला नव्हता. शेवटी तोंड पुसून साहेब उठले आणि म्हणाले, ‘बाई, चर दुपारपर्यंत बुजतो. दिव्यांचं काय ते कोर्ट बघेल. कारंज्याबद्दल मात्र मी चुकलो नाही, ते गळत होतं.’ आणि पुन्हा तोफ सुरू झाली, म्हणून मी निघाले. चर दुपारी बुजला.

बाहेर आमच्या शेजारची शिंपीणबाई भेटली. तिला मी सरळच विचारलं, तुम्ही सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्यात, मग मत का दिलंत? ती म्हणाली, ‘अहो बाई, शिव्या घालायला तो आहे म्हणून तर! सरांना काय बोलणार? सर ऐकून घेतात आणि मग माझंच कसं चुकतंय ते समजावून सांगतात. मागे नळाचं सांगितलं, तर म्हणाले, तुमचं गृहीतकच चुकलंय. त्यातून सरांना दाढी. बोलायचं कधी?’ मी काही म्हणायच्या आत ती पुढे म्हणाली, ‘हा तोफखाना दिवसभर चुकतो, पण सकाळी ऐकतो. सर दिवसभर बरोबर असतात.’

धाकटे, तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाशी एवढी वर्षं संसार केल्यावर यावर मी काय बोलणार? मी म्हटलं, ‘हं.’

घरी येताना जावईबापूंना विचारलं, तुमच्याकडे पुढाऱ्याला तोंडावर बोलायचं कधी? ते विचार करून म्हणाले, निवडणुकीत. मी म्हटलं, तोवर सगळं पोटात ठेवता? ते फारच गंभीर झाले. दुसऱ्या दिवशी अंथरुणात नाहीत. शोधत गेले, तर तोफसाहेबांच्या पुढल्या खोलीत स्वारी उभी! आमच्या गावाबद्दल तक्रार नव्हतीच, म्हणून त्यांनी स्वतःच्या देशाच्या पुढाऱ्याला, स्वतःच्या भाषेत, तोफसाहेबांच्या तोंडावर बोलून घेतलं. हातवारे, लाल चेहरा, शेवटी डोळ्यांत पाणी. कुणाला अक्षर कळलं नाही, पण बाकं माना डोलवत होती, आणि सलूनवाल्याने दुसऱ्यांदा फेस लावला. तोंड पुसून तोफसाहेबांनी विचारलं, ‘हे कुठल्या वॉर्डातले?’ त्या दिवशी तुझा जावई कुशीवर वळून दुपारभर गाढ झोपला. तुमच्याकडे परत निघेपर्यंत आणखी दोनदा जाऊन आला.

तोफसाहेब चांगला माणूस आहे, असं माझं म्हणणं नाही. दिव्यांच्या प्रकरणात त्यांना शिक्षा व्हावी, आणि झाली तर हीच बाकं आधी टाळ्या वाजवतील. पण मला कौतुक वाटतं ते या लोकांचं. भ्यालेली माणसं गळ्यावर वस्तरा असलेल्या सत्तेपुढे असं बोलत नाहीत, आणि भारलेली माणसं इतक्या बारीकसारीक तक्रारी आणत नाहीत. त्यांना शहाणा माणूस नको होता असं नाही. शहाणा माणूस गप्प बसलेला त्यांना हवा होता, आणि तसा कुणी उभाच राहिला नाही. तुमच्याकडे आम्हाला हसणाऱ्यांना हे सांग. आणि गावाचं नाव लाज न वाटता सांगत जा.

जावईबापूंना म्हणावं, लेखातला ‘भ्यालेले’ हा शब्द काढा, नाहीतर पुढच्या वेळी सगळ्यांची ताटं तुम्हाला घासायला लावीन आणि वर बोलणंही ऐकवीन. गुडघ्याचं कळव.

तुझी,
ताई

ता. क. यांच्या पत्राला उत्तर लिहिताना, तुमच्याकडे जागा नाही असं लिही. घर मोठं आहे हे मला माहीत आहे. तरी लिही. गरज पडली तर दोन्ही गुडघे दुखतात असं लिही.

ता. क. २. कदाचित तसं लिहावं लागणार नाही. काल सकाळी मी मुद्दाम आरसा पुढल्या दारात मांडला, ओठांत आकडे धरले आणि यांना समोर बसवलं. म्हणजे हाताने खूण करून बसवलं. हे गावाबद्दल, मतदारांबद्दल, माझ्याबद्दलही भडाभडा बोलले. मी तीनदा अंबाडा सोडून पुन्हा घातला. शेवटी हे उठले, म्हणाले, ‘बरं वाटलं,’ आणि माळ्यावरून काढलेल्या बॅगा परत वर ठेवून आले. आज ते बोलत असताना शिंपीणबाई दारात येऊन उभी राहिली. गटाराबद्दल बोलून गेली. उद्या ती म्हातारीही येणार आहे म्हणते.

ता. क. ३. खरं काम राहिलंच. इकडचे आकडे फार हलके. समोरचा चुकीचं बोलायला लागला की माझ्या दातांखाली वाकतात. तुमच्याकडचे जाड, पोलादी मिळतात ते पाठव. भरपूर पाठव. पुढची निवडणूक यायची आहे, आणि त्यानंतरची पाच वर्षं ते पुरायला हवेत. मी उभं राहायचं ‘आपण’ ठरवलं आहे, हे यांना अजून सांगितलेलं नाही. ते दाढी विंचरत असतील तेव्हा सांगेन.