झोपू दे तिला

नारपोली, भिवंडी
१४ जानेवारी २०२५

ती. मंदाताई यांस,
सप्रेम जयभीम.

खारबावला सगळे ठीक असाल. इथे रीमाचा खोकला गेला. शेजारच्या शकिलाभाभी येता-जाता डोकावतात. फोन उचलत नाही म्हणून रागावू नका. बोलता बोलता माझा डोळा लागतो, म्हणून थांबत थांबत हे लिहिते आहे.

तुम्ही रीमाला काही दिवस न्यायचं म्हणालात. मी नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही.

ह्यांच्या पुण्यानुमोदनाला भंतेजी वंदना घेत असतानाच मी झोपले. मागून कोणीतरी म्हणालं, "नवरा गेला आणि हिला झोपा सुचतात." तुम्हीच त्यांना गप्प केलंत. म्हणालात, "रात्रभर रडलीय. झोपू दे तिला."

ताई, मी रडले नव्हते. रडायलाही ताकद लागते.

हा आजार रीमा बालवाडीत होती तेव्हापासूनचा. डॉक्टर क्रॉनिक फटीग म्हणतात. कितीही झोपले तरी थकवा जात नाही, आणि जास्त झोपले तर दुसऱ्या दिवशी उठवत नाही. सासूबाईंना मी आळशी वाटू नये म्हणून तुमच्या भावाने कोणाला कळू दिलं नाही. दुपारी दुकानातून येऊन ओल्या फडक्याने तोंड पुसून उठवायचे. भाजी बसून चिरायची, आंघोळ झाली की पडायचं, हे त्यांनीच लावून दिलं. एखाद्या दिवशी बरं वाटलं आणि मी चादरी धुवायला काढल्या, की बादलीच उचलून न्यायचे. "उद्याची ताकद आज संपवू नकोस."

ते गेल्यापासून सगळे मला झोपू देतात. सगळे चांगले आहेत. उठवत कोणी नाही. गजर लावते, तो कधी बंद केला तेही आठवत नाही.

गेल्या आठवड्यात रीमा शाळेतून येऊन दार वाजवत राहिली. शेवटी भाभींच्या फखरुद्दीनभाईंनी कडी तोडली. गॅसवर डाळीचा कोळसा झाला होता. मी जागी झाले तेव्हा घरभर धूर होता.

तेव्हापासून ती शाळेत जात नाही. ओलं फडकं घेऊन उशाशी बसते. काल मी रागावले, तर म्हणाली, "पप्पा झोपेतच गेले ना? मग तुला कोण उठवणार?"

ताई, तिला न्या. शनिवारी या. तिचे कपडे मी थोडे थोडे भरून ठेवते. फक्त, मी झोपलेली दिसले तर दया येऊन तिला तशीच घेऊन जाऊ नका. मला हलवा, तोंडावर पाणी मारा, पण उठवा. जाताना तिने मला जागी पाहिलं पाहिजे.

रीमाची आई,
ललिता