निम्मी मांजरं, निम्म्या कोंबड्या

मी, श्रीपती बळवंत वाकुरे, वय अंदाजे सत्तर, मुक्काम ढोकी, तालुका व जिल्हा उस्मानाबाद, हे मृत्युपत्र कुणाच्याही दबावाशिवाय, स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. मांजरांच्या बाबतीत मात्र तशी खात्री देता येत नाही.

कलम १. राहतं घर आणि माळाची जमीन मुलगा रामकिसन याला. तो कळंबला आडत दुकानात असतो. परसातल्या खुराड्याला त्यानं हात लावू नये. तिथं फटफटीसाठी शेड घालायचं त्याच्या मनात आहे, ते मला ठाऊक आहे.

कलम २. कंदील, काठी व शिट्टी कोंडीरामला. साखर कारखान्याच्या गाडीतळावर आम्ही दोघांनी राखण केली. माझ्या पाळीत बैलाचं दावंसुद्धा चोरीला गेलं नाही. पण घरच्या खुराड्यात मांजरं हगतात, तेवढं खुराडं मला राखता येत नाही, असं कोंडीराम गावभर सांगतो. काठी हवी असेल तर हे बंद करावं.

कलम ३. खुराडं माझी बायको बनाबाई हिचं. ती गेल्यापासून मी सांभाळतो. शेजारच्या सारजाबाईची मांजरं त्यात रोज घाण करतात. बाभळीचे काटे टाकले, तर कोंबड्याच लंगडू लागल्या. मिरचीची धुरी दिली, तर मीच खोकून बेजार. रॉकेलचे बोळे ठेवले, तर कोंबड्या सारजाबाईच्या घरात अंडी घालू लागल्या. पिसवा होऊ नयेत म्हणून बनाबाई चुलीची राख पसरायची, तशी मीही पसरतो. मांजरांना ती मऊ राखच आवडते म्हणे. मग राख घालावी की बंद करावी? अजून कळत नाही. या भांडणापायी सारजाबाईशी माझं बोलणं बंद होतं.

कोंबड्या रामकिसनला, असं इथं लिहिलं होतं. ते कानावर जाताच सारजाबाई कुंपणापाशी आली.

"दाजी, कोंबड्या पुऱ्या तुमच्या न्हाईत. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडाया गेले, तवा म्या माझी कोंबडी बनाअक्काला अर्धलीनं दिली व्हती. पिल्लं निम्मी तुमची, निम्मी माझी."

"मग मागितली का न्हाईस?"

"कशी मागू? माझ्या घरी उंदरं लई, म्हणून अक्कानं तिची मांजर मला अर्धलीनंच दिली. तिची पिल्लं बी निम्मी तुमची."

मी चक्रावलो. मांजर अर्धलीनं देतं का कुणी?

"मग ह्यातली माझी मांजरं कोणती?"

"त्ये अक्कालाच ठावं."

बनाबाईलाच विचारावं म्हणून मी घराकडे वळलोही. मग दारात थांबलो. सारजाबाई कुंपणापाशी डोळे पुसत होती.

कलम ४. वरचं कोंबड्यांचं वाक्य खोडलं आहे. ज्याची वाटणी कळत नाही, त्याची वाटणी करू नये. खुराडं, कोंबड्या आणि सगळी मांजरं सारजाबाईकडे राहावीत. राख रोज पसरावी. मांजरं त्यात घाण करतील. करू द्यावी. निम्मी आपली आहेत.

साक्षीदार: १. वीरभद्र हणमंतप्पा २. सिद्धलिंग महांतप्पा

ठिकाण: ढोकी. तारीख: ११ मार्च १९८१.

सही: श्रीपती बळवंत वाकुरे

सही वाकडी आली आहे, पण माझीच आहे. सही करताना एक मांजर मांडीवर येऊन बसली. ती कुणाच्या वाट्याची ते कळेना, म्हणून हाकलली नाही.