नाव खरं, पत्ता खोटा

११ नोव्हेंबर
मुरूम गावात खोली मिळाली, तीही मी शिकवते त्या कॉलेजच्या जवळ! खिडकीतून तुरीची शेतं दिसतात. घरमालक वीरभद्रकाका गावात घरोघरी इंटरनेटची वायर देतात. खोलीत मोबाइलला रेंज नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतः वायफाय जोडून दिलं. त्यांची सून जगदेवी कडक भाकरी आणि शेंगाचटणी ठेवून गेली. मान काही तिनं वर केली नाही.

१४ नोव्हेंबर
काल लातूरच्या दातांच्या दवाखान्याची साइट पाहिली. आज काकांनी विचारलं, दाढ लई दुखतीय का. मी कुणालाच सांगितलं नव्हतं. चेहऱ्यावरून ओळखलं असेल.

१९ नोव्हेंबर
जगदेवी दुपारी वर आली. दंडावर डागल्याचे व्रण. नवरा पुण्याला; डागलं सासऱ्यानं. "मॅडम, माझा फोन ते बघत्यात. तुमच्यावरून कळवा." बोललेलं खाली ऐकू जातं, म्हणून एका महिला मदत संस्थेची साइट उघडून तक्रार लिहूनच पाठवली. तिचं नाव, माझं नाव, हा पत्ता.

२० नोव्हेंबर
जगदेवी दिसली नाही. काका म्हणाले, माहेरी गेली. तिच्या चपला दारातच आहेत.

२१ नोव्हेंबर
संगणक शिकवणाऱ्या सिद्धाराम सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, साइटचं नाव टाकलं की फोन आधी त्या नावाचा आकड्यांतला पत्ता विचारतो. हा प्रश्न बहुतेक वेळा उघडाच जातो, पोस्टकार्डासारखा. इथं उत्तर देणारं यंत्र काकांचं. कोण काय विचारतं ते त्यांना दिसतं.
मग आवाज खाली आणून म्हणाले, "खोटा पत्ताबी देता येतो, मॅडम. मग नाव तेच, पान दुसऱ्याचंच उघडतंय."
कॉलेजात मोबाइलच्या नेटवर संस्थेच्या साइटचं तेच नाव टाकलं. पान वेगळंच उघडलं. याच्यावर सुरक्षित साइटला असते ती कुलपाची खूण होती. तक्रार पाठवली त्या दिवशी नव्हती.
माझी तक्रार कुणी वाचली?

२२ नोव्हेंबर, सकाळ
गच्चीवर रेंज मिळाली. खऱ्या संस्थेला फोन लावला. त्यांच्याकडे अशी तक्रार आलेलीच नाही. उद्या पोलिसांना घेऊन येतो म्हणाले, तोवर तिथून बाहेर पडा. बॅग भरतेय —

जिना उतरले. खालच्या दाराला बाहेरून कडी. परत वर. खोलीच्या दाराला आतून खिळी लावली.

कुणीतरी जिना चढतंय. बाईचा आवाज. गोड. संस्थेतून आलेय म्हणते, तुमची तक्रार मिळाली, दार उघडा —

मिळाली? त्यांना तर ती कधी —

तिच्या मागं काका खोकले. खिळी हल