सपाट अंक

प्रिय बारके,

हे पत्र टपालाने न येता तुझ्या वहिनीच्या हाती आलं, म्हणून तुझ्या कपाळावर एव्हाना आठी पडली असेल. घरी सगळे धड आहेत. वहिनीला मावसबहिणीकडे जायचंच होतं, वाट तुमच्या केंद्रावरून जाते, म्हणून तिच्या पर्समध्ये पाकीट सरकवलं. आत काय आहे ते तिला सांगितलेलं नाही. "भावाबहिणीचं गुपित असेल तर नीट चिकटवा, मला प्रवासात कंटाळा येतो," असं तिनेच बजावलं, तेव्हा डिंकाचा दुसरा हात मारला. फोन करता आला असता. पण फोनवर मी जरा सविस्तर सांगू लागलो की तू "दादा, प्रुफं वाचतोयस का?" म्हणून हसतेस आणि मला पुढचं सुचत नाही. हे हसण्यावारी जायला नको आहे.

आज आपला नियम मोडतोय. तू गव्हाच्या संशोधन केंद्रावर रुजू झालीस आणि मी शेतीशास्त्राच्या त्रैमासिकाचा व्यवस्थापक झालो, तेव्हापासून आपण दाढदुखीपासून छताच्या गळतीपर्यंत सगळं एकमेकांना लिहिलं, पण त्रैमासिकाबद्दल अवाक्षर काढलं नाही. कोणता लेख कुणाच्या मतासाठी पाठवायचा ते संपादकसाहेब ठरवतात, पाकिटावर पत्ता मी लिहितो, आणि लेखकाला परीक्षकाचं नाव कधीही कळता कामा नये. तुझा पत्ता लिहितानाही मी परक्या माणसाचा लिहावा तसा लिहीत आलो, हुद्द्यासकट. छापखान्यात खिळे जुळवण्यापासून सुरुवात करून मी या खुर्चीपर्यंत आलो. समास किती सोडायचा, कोष्टकाची रेघ कुठे तोडायची, हे मला कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकलो. पण हा नियम मात्र साहेबांनी पहिल्याच दिवशी समोर बसवून शिकवला, आणि मी तो घराबाहेरही पाळला आणि घरातही.

तर त्रैमासिकाचं सांगतो. गेली दोन वर्षं आमचं कसं चाललं होतं ते मलाच माहीत. ग्रंथालयांनी वर्गण्या बंद केल्या, संस्थेचं अनुदान आटलं, कागदवाला उधारीवर रीम सोडेना. लेखकांकडून पानांचा खर्च आला की त्यात छपाई भागवायची आणि टपालासाठी साहेबांच्या तोंडाकडे बघायचं, असा संसार. अशात मागच्या थंडीत ते गृहस्थ आले. बियाणं कंपनीचे. मलपृष्ठावर वर्षभर जाहिरात हवी म्हणाले आणि पैसे आगाऊ मोजले. आमच्यात त्यांचं नावच मलपृष्ठवाले पडलं. त्यांना ते कळलं तेव्हा मनापासून हसले. आवाज इतका मऊ की पुढे वाकून ऐकावं लागतं. खुर्ची दिली तरी आधी रुमालाने पुसून बसतात, जाताना ती होती तशी टेबलाखाली सरकवतात. नीटनेटका माणूस मला आवडतो, तुला माहीत आहे. साहेब तर म्हणाले, "हा आपल्याला तुझ्या वळणाचा भेटला."

मग त्यांनी वर्षाचा कागद घेऊन दिला. आमच्या कोठीत तो छतापर्यंत रचला तेव्हा मला खरंच हायसं वाटलं. पावती मात्र कंपनीच्या नावाची होती. कागद त्यांचा, शाई आमची. मी साहेबांना म्हटलं, हे असं नको. साहेब म्हणाले, "अरे, कागदावर काय छापायचं ते तर आपणच ठरवतो ना?" साहेबांचे डोळे हल्ली फार थकलेत, दोन्ही हातांनी भिंग धरून वाचतात. मला त्यांना आणखी काही बोलवेना.

त्यानंतर कंपनीच्या शास्त्रज्ञांचा लेख आला. त्यांचा नवा गहू तांबेरा रोगाला बळी पडत नाही, असा. तो परीक्षकांकडे वाचायला गेला आणि परत आला, तिन्ही मतं प्रतिकूल. कुणाकुणाची ते मी आजही लिहीत नाही. लेख नाकारला गेला तरी मलपृष्ठवाल्यांच्या चेहऱ्यावर सुरकुती उमटली नाही. "शास्त्र म्हटलं की मतभेद आलेच," म्हणाले. उलट अंक रवाना करायच्या दिवशी स्वतः गाडी घेऊन आले. टपालात गठ्ठे नेऊन टाकायला आम्ही हातगाडी शोधतो हे त्यांनी पाहिलं होतं.

आता आमच्याकडची एक पद्धत तुला सांगायची गरज नाही, तरी सांगतो, कारण सगळं तिथेच अडकलंय. वर्गणीदाराचा अंक आम्ही गुंडाळी करून, कागदी पट्टा लावून पाठवतो. त्या तिमाहीत ज्यांनी लेख वाचून मत दिलं त्यांचा अंक मात्र सपाट जातो, दोन पुठ्ठ्यांमध्ये, दोरीने बांधून. मानधन द्यायची आमची ऐपत नाही, निदान मुखपृष्ठाला वळी पडू नये, ही मोठ्या साहेबांच्या, म्हणजे पहिल्या संपादकांच्या वेळची रीत. ते सपाट अंक मी दुसऱ्या कुणाला बांधू देत नाही. दोरी हिरव्या-पांढऱ्या पिळाची, बांधणीवाल्याकडून खास आणवलेली, आणि गाठ आपली. तू शाळेत असताना तुझी पुस्तकं मी ज्या गाठीने बांधून द्यायचो तीच, एक टोक ओढलं की सुटणारी. तुला पहिला सपाट अंक गेला, त्यानंतरच्या पत्रात तू खाली बारीक अक्षरात लिहिलं होतंस, "गाठ अजून तशीच मारतोस." तेवढाच काय तो तुझ्याकडून नियमभंग.

मलपृष्ठवाले त्या दिवशी माझ्या टेबलाशी उभे राहून बघत होते. म्हणाले, "हे गुंडाळायचे राहिले का?" मी म्हटलं, हे असेच जातात. का, ते मी बोललो नाही. त्यांनीही विचारलं नाही. ते नुसतं गाठ बघत राहिले. "काय हात आहे हो तुमचा, मला शिकवाल?" मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चाळीस माणसं दर तिमाहीला ती गाठ सोडत असतील, मारायची कशी ते आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी दोनदा करून दाखवली, तिसऱ्यांदा त्यांनी बिनचूक मारली. मग म्हणाले, "दोरी छान आहे, थोडी देता? घरी उपयोगी पडेल." मी दोन्ही हात पसरून वावभर कापून दिली. सपाट अंक त्यांनी स्वतःच्या हाताने गाडीत ठेवले, पुढच्या सीटवर, पत्त्याची बाजू वर. "यांना दुमड पडायला नको," म्हणाले.

टपालात सगळे अंक पडले, पोचलेही. एकही गहाळ नाही.

पुढचं ऐक. तांबेऱ्यावर अधिकाराने बोलतील अशी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यांची नावं त्या धंद्यातल्या कुणालाही पाठ. त्यातल्या कुणाकुणाचा अंक सपाट जातो, एवढंच मलपृष्ठवाल्यांना बघायचं बाकी होतं. त्यातल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांची प्रयोगशाळा रंगकामाला म्हणून रिकामी केली. रंगारी काही आले नाहीत. त्यांची तांबेऱ्याची पानं, वर्षानुवर्षं दाबून ठेवलेली, कपाटासकट कुठे गेली ते कुणी सांगत नाही. त्यांनी आम्हाला एका ओळीचं पत्र पाठवलं, की लेखाविषयी आपली आता हरकत नाही. अक्षर इतकं हललेलं होतं की मी सही जुन्या पत्राशी ताडून पाहिली. सही त्यांचीच.

दुसऱ्या परीक्षकांचं केंद्र तुझ्या केंद्रासारखंच, आडबाजूचं. त्यांच्या चाचणीच्या वाफ्यांमधला गहू कुणीतरी हिरवा असतानाच कापून नेला, ओंबीत दाणा भरायच्या आत. बाकी कशाला हात लावला नाही. कुंपण जागच्या जागी, फाटकाला कडी. वाफ्यांवरच्या जातींच्या नावाच्या पाट्या तेवढ्या उपटून, पुसून, कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवलेल्या, आणि त्यांची जुडी दोरीने बांधलेली. ती दोरी त्यांनी पाकिटात घालून मला परत पाठवली. सोबत चिठ्ठी, की यापुढे माझ्याकडे कोणताही लेख पाठवू नये, आणि ही तुमचीच दोरी दिसते. दोरी हिरव्या-पांढऱ्या पिळाची. त्यांनी ती कापली होती, गाठ सोडलेली नव्हती. मी पाकीट टेबलावर उपडं केलं आणि ती माझ्यासमोर पडली. एक टोक ओढलं. सुटली.

साहेबांना दाखवली. ते भिंगातून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "दोरी बाजारात मिळते रे." मी म्हटलं, गाठ मिळत नाही. त्यांनी भिंग खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, लेख सुधारून पुन्हा आलाय, एकांची हरकत राहिलेली नाही, दुसरे बाजूला झालेत, जुळणीला घे. तिसरं मत आलं की छापू. पेरणीच्या आधी अंक निघाला पाहिजे असं मलपृष्ठवाल्यांनी सुचवलंय, कारण बियाणं समिती आपला अंक बघूनच शिफारस करते. म्हणजे पुढच्या हंगामात सगळीकडे तोच गहू उभा राहणार. वारा सुटला आणि तांबेरा आला, तर त्याला वाटेत अडवणारं एकही वेगळं शेत उरणार नाही. हे मी तुला काय सांगायचं. लहानपणी शेजारच्या शेतातून तू बाहीवर ती नारिंगी पूड घेऊन आली होतीस आणि आई रागावली तरी बाही झटकू देत नव्हतीस.

मलपृष्ठवाले परवा पुन्हा आले होते. खुर्ची पुसली, बसले. मी पुढच्या अंकाचे पट्टे कापत होतो. माझ्या टेबलाच्या त्या कोपऱ्याकडे बघून, जिथे पुठ्ठे ठेवलेले असतात, त्यांनी विचारलं, "या खेपेला सपाट किती?" मी म्हटलं, एकही नाही, पद्धत बंद केली, पुठ्ठा परवडत नाही. ते हसले. "अरेरे," म्हणाले, "चांगली रीत होती." मग खुर्ची सरकवता सरकवता म्हणाले, पुढच्या आठवड्यात जरा गव्हाची केंद्रं बघायला निघतोय, तुमचं कुणी आहे का तिकडे? मी म्हटलं, कुणी नाही. नात्याचं त्यांना कळलेलं नाही, एवढं मी खात्रीने सांगतो. पण तुझा पत्ता त्यांनी गाडीच्या पुढच्या सीटवर वाचलेला आहे, आणि तो माझ्या सुवाच्य अक्षरात होता.

म्हणून हे पत्र. तुझं मत काय असावं, याबद्दल माझ्याकडून एक शब्द येणार नाही. तुझी लेखणी, तुझे वाफे. मी तिसऱ्या मताची वाट बघतोय, आणि ते जसं येईल तसं साहेबांच्या पुढ्यात ठेवीन. मग कोठीतला कागद कंपनीने उचलून नेला तरी चालेल. एवढंच कर. चाचणीला लावलेला त्यांचा गहू तुझ्या वाफ्यात आडवा झालाय की उभा आहे, ते चार माणसांना बोलावून आजच्या आज दाखव, फोटो काढ, रोगट पानं दुसऱ्या केंद्रावर हाताने पोचव, आणि अहवाल आमच्याकडे पाठवशील त्याच दिवशी समितीकडेही पाठव. वहिनीला दोन दिवस ठेवून घे, तिला काही सांगू नकोस, पण एकटी राहू नकोस. कुणी मऊ आवाजाचा माणूस आला आणि खुर्ची पुसून बसला, तर चहा दे आणि दार उघडं ठेव. आणि तुझा या खेपेचा अंक टपालाने येईल तो गुंडाळलेला असेल, सगळ्यांसारखा, कागदी पट्ट्याचा, पत्ता दुसऱ्याच्या हातचा. मुखपृष्ठाला वळी पडलेली असेल. दादाचा हात ढिला पडला, की साहेबांनी आपल्याला गाळलं, असं काही मनात आणू नकोस. सपाट, पुठ्ठ्यातला, हिरव्या-पांढऱ्या दोरीने बांधलेला अंक तुझ्या दाराशी दिसला, तर मात्र समज की तो मी पाठवलेला नाही. गाठ कितीही ओळखीची वाटली तरी ओढू नकोस.

तुझाच,
दादा