वेशीवरच्या म्हातारीला मत

२ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर मी मुद्द्याशी आले की तुझ्या दारावर कुणीतरी येतं, नाहीतर दूध उतू जातं. एका घरात इतकं दूध उतू जातं हे मला माहीत नव्हतं. म्हणून हे पत्र.

यांची बदली झाली. जूनअखेर हे घर सोडायचंय. कंपनी जागा देतेय ती दोन खोल्यांची, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईचे गुडघे तुला माहीत आहेत. ती एकदा वर चढली की पुन्हा खाली उतरायची नाही. पाच वर्षं ती माझ्याकडे आहे, मी एका शब्दाने बोलले नाही आणि आताही तक्रार म्हणून बोलत नाही. तुझा तळमजला आहे, तिसरी खोली आहे. आईला तुझ्याकडे घेशील का? हो किंवा नाही, तेवढं लिही.

तुझं काम केलं. नव्या पुतळ्या शौकिनांनी सुचवायच्या आणि मतं देऊन निवडायच्या, तुमच्या पुतळ्यांच्या कारखान्यातल्या माणसांनी नाही, असा नियम आहे, तर तो मोडायला धाकटी बहीण असतेच. तू लिहून दिलेलं वर्णन शौकिनांच्या इंटरनेटवरच्या पानावर जसंच्या तसं टाकलं: शहराच्या वेशीवर, फाटकापाशी स्टुलावर बसलेली म्हातारी, हातात कंदील, तिने मान हलवल्याशिवाय राक्षसालाही आत जाता येत नाही. सुचवणाऱ्याचं नाव छापत नाहीत, ते बरं. आईलाही सांगितलं नाही, तू बजावलंस म्हणून. पण जिने तीस वर्षं रेल्वेचं फाटक सांभाळलं आणि आपल्याला रुळांपासून लांब ठेवायला असा आवाज लावला की मालगाडीही बिचकावी, ती मला ओळखू येणार नाही का?

आई बरी आहे. कोपऱ्यावर एक रिटायर झालेल्या नर्सबाई राहतात, एकट्याच. त्यांच्या जेवणाच्या टेबलाभोवती दर रविवारी इथल्या शौकिनांचं मंडळ जमतं. आई तिथे जाऊन तुमच्या कारखान्याच्या बोटभर राक्षसांचे दात रंगवते, आणि हे माझ्या थोरल्याने कोरलेत म्हणून सगळ्यांना सांगते.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरे, उत्तराचं मात्र बघ.

तुझी
खारू

१५ एप्रिल

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. बदलीचं वाचून वाईट वाटलं. जावईबापूंची कंपनी आमच्या मालकासारखीच दिसते, माणसाला विचारायचं म्हणून नाही.

म्हातारी पहिल्या चाळणीतून पार झाली. आता मंडळं शेरे मारतील, मग मतदान, आणि पहिल्या तिघांचे नमुने मी कोरायचे. चौदा वर्षं हेच चाललंय. लोक सुचवणार, लोक निवडणार, आणि मान मोडून कोरणार कोण, तर मी. मागल्या वर्षी त्यांना पंखवाला खेकडा हवा होता. आठ पाय, दोन नांग्या, वर पंख, आणि ज्यात कोरायचं ती पुट्टी तासाभरात दगड होते. प्रत्येक पाय वेगळा वाळवला. खेकड्याला पंख कशाला, असं विचारायची सोय नाही, कारण लोकांनी मतं दिलीत. त्याआधीच्या वर्षी चिलखत घातलेली गोगलगाय. अगं, ती जन्माला येतानाच चिलखत घालून येते. मी मालकाला तसं म्हटलं तर तो म्हणाला, तुम्ही कोरा.

आपल्या मनातली एकतरी पुतळी हातून व्हावी असं मला वाटतं, यात काय चुकलं? आईचा चेहरा मला अजून पाठ आहे. भुवईवरची ती बारीक आठीसुद्धा जमेल. लोकांच्या घरात, काचेच्या कपाटात, मानाने राहील. म्हणून एवढा जीव टाकतोय.

आईचं म्हणशील तर माझी ना कधी होती? पण तिसऱ्या खोलीत माझी कपाटं आहेत. चौदा वर्षांचे नमुने आहेत त्यात. ऊन लागलं की रंग उडतो, हवा लागली की धूळ बसते, म्हणून खिडकी उघडत नाही. तिथे माणूस कसं ठेवणार? शिवाय तुझ्या वहिनीची सकाळची पाळी. बघू. मतदान एकदा पार पडू दे, मग माझं डोकं ठिकाणावर येईल.

पाहुण्यांना नमस्कार, पोरांना पापा. तुझा लोभ आहे हे ओरडण्यावरून कळतंच.

तुझा
दादा

२४ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

खेकडा वाचला. गोगलगाय वाचली. आई शोधत शेवटापर्यंत आले तेव्हा कपाटाच्या मागे सापडली.

‘बघू’ म्हणजे काय ते आपल्या घरात मला शिकवू नकोस. बाबा मला सायकल घेऊन द्यायला ‘बघू’ म्हणाले होते. मी अजून चालतेय. तुला नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण. मी दोन दिवस रडेन, तुला चार शिव्या देईन आणि मग दुसरी वाट शोधेन. पण तू हो म्हणत नाहीस, नाही म्हणत नाहीस, आणि मी इथे भांडी बांधू की नको, आईचं औषध कुठल्या खोक्यात भरू, काही कळत नाही. दादा, मला राग आलाय हे मी सरळ सांगते. मोठा भाऊ म्हणून आजवर गिळलं.

आणखी एक सांगायला हवं. तुझं पत्र मी यांना वाचून दाखवत होते तेव्हा आई दाराशी उभी होती. किती ऐकलं कोण जाणे. संध्याकाळी बघते तर माझ्या कपाटातले तिचे कपडे काढून पिशवीत भरून ठेवलेले. विचारलं तर म्हणाली, तुला खण लागेल.

म्हातारीच्या पुतळीबद्दल इथे अजून कुणी काही बोललेलं नाही. रविवारी मंडळाचे शेरे ठरायचेत.

लोभ ठेवणं तुझ्या हातात आहे, उत्तरही तुझ्याच हातात आहे.

तुझी
खारू

८ मे

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

शेरे आले. रागात लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

एका मंडळाने म्हटलंय, म्हातारीला तलवार द्या. दुसऱ्याने म्हटलंय, कंदील काढा आणि त्याजागी विजेचा गोळा द्या. तिसऱ्याने म्हटलंय की कल्पना छान आहे, फक्त तिला तरुण करा. म्हातारी तरुण केली तर उरलं काय, स्टूल? हे सगळं मी पचवलं असतं. चौदा वर्षांत कातडी गेंड्याची झालीय.

पण कहर केला तो तुमच्या मंडळाने. मी इथे उतरवून देतो: ‘म्हातारी आणून ठेवायची कुठे? लढत नाही, उडत नाही, नुसती बसून जागा अडवते. फळीवर आधीच दाटी आहे. ज्याच्याकडे जास्तीची जागा असेल त्याने न्यावी, पण असं म्हणणारेच फार, नेणारा कुणी नाही.’

हे कोण दीडशहाणं आहे तुमच्यात? म्हाताऱ्या माणसाबद्दल इतकं तुसडं बोलवतं तरी कसं? त्याला आईबाप आहेत की नाहीत? कारखान्यात सगळ्यांनी हे वाचलं आणि हसले, आणि मला त्यांच्याबरोबर हसावं लागलं, कारण पुतळी माझी आहे हे बोलायची चोरी. दोन दिवस मी कामाला हात लावलेला नाही. तू त्या नर्सबाईंना गाठ आणि माझा निरोप सांग, की ज्याने हे लिहिलं त्याला टेबलावरून उठवा. माणुसकी नसलेल्याच्या हातात ब्रश देऊ नये.

आईचं लक्षात आहे. कपाटं हलवायची तर सुतार लागेल, आणि आमचा सुतार जुलैत मोकळा होतोय. तोवर तुम्ही काहीतरी जुळवा.

घाईत लिहितोय. लोभ उतू जाऊ देऊ नकोस.

तुझा
दादा

१५ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा निरोप नर्सबाईंना द्यायची गरज पडली नाही. तो शेरा आईने लिहून घ्यायला लावलाय.

झालं असं. नर्सबाई एकेक पुतळी वाचून दाखवत होत्या आणि कुणाला काय वाटतं ते टिपून घेत होत्या. म्हातारीपाशी आल्या तेव्हा सगळे चहाकडे वळले. मग आई म्हणाली, मी सांगते, लिहा. ती पुतळी तिची आहे हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. कुणा परक्याची म्हातारी समजून ती बोलली. टेबलाभोवतीचे हसले म्हणे. मी तिथे नव्हते, असते तर मला हसू आलं नसतं.

तू विचारलंस, त्याला आईबाप आहेत की नाहीत. आईबाप गेले. मुलगा आहे.

तुझं पत्र आल्यावर मला राहवलं नाही, मी आईला सगळं सांगून टाकलं. तू बजावलं होतंस ते गेलं चुलीत. तिने ब्रश पाण्यात बुडवून ठेवला आणि पहिलं विचारलं, मला न विचारता? मग म्हणाली, स्टूल कुठून आणलं त्याने, फाटकावर बसायला वेळ कुणाला होता. मग चष्मा लावून सगळे शेरे पुन्हा वाचायला घेतले. ‘तरुण करा’ वर हसली. स्वतःच्या शेऱ्याशी आली तेव्हा बोट ठेवून दोनदा वाचलं आणि कागद उलटा करून ठेवला.

मी आता तुला खोलीचं विचारत नाही. विचारून विचारून मलाच लाज वाटायला लागलीय. तू तिला लिही. मला नको, तिला लिही.

तुझी
खारू

२६ मे

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

खारूने कळवलं. हे लिहिताना तीन कागद फाडले.

आई, मला तुझी थट्टा करायची नव्हती. इतकी वर्षं दुसऱ्यांचे राक्षस कोरले, एकदा तुला कोरावं असं मनापासून वाटलं. ते लोक तुला असं काही बोलतील हे ध्यानात यायला हवं होतं. मी मालकाला सांगून म्हातारीचं नाव यादीतून काढायला लावतो. तू म्हणशील तसं करू.

तू काही मनाला लावून घेऊ नकोस. घर तुझंच आहे, तुला कोण नको म्हणणार? सुताराला पुन्हा निरोप दिलाय. तोवर केव्हाही ये, चार दिवस राहून जा, सूनही म्हणतेच आहे.

गुडघ्यांना जप. तुझे आशीर्वाद आहेत म्हणून चाललंय.

तुझा
थोरला

२२ जून

चि. थोरल्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. नाव काढू नकोस असं मी खारूकडून फोनवर कळवलं होतं, ते ऐकलंस हे बरं केलंस. तू मला न विचारता उभं केलंस. पण उभं केलंच आहेस तर मतं मोजून होईपर्यंत मागे फिरायचं नाही.

मीही स्वस्थ बसले नाही. नर्सबाईंना सांगून सगळ्या मंडळांना पत्र धाडलं. त्यात लिहिलं की माझा शेरा मी मागे घेते, तो मी रागात लिहिला होता आणि राग पुतळीवर नव्हता. लिहिलं की फाटकवाली लढत नाही हे खरं. ट्रकवाले तिला शिव्या देतात, सायकलवाले खालून वाकून जातात, सगळ्यांना पलीकडे जायची घाई असते आणि थांबवणारी एकटी तीच असते. पण तिने थांबवलं म्हणून संध्याकाळी सगळे धडधाकट घरी पोचतात. स्टुलाचंही लिहिलं, की स्टूल काढून तिला उभी करा. तू चिडशील. चीड. काम मी केलंय, तू नाही.

काल निकाल लागला तो तुझ्या कानावर आलाच असेल. चौथी आले. तीन तोंडांचा बेडूक माझ्या पुढे गेला. मला वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू. या वयात निवडणूक हरले तर दोन दिवस जेवण गोड लागत नाही, हे आता कळलं. बेडकाला दात नसतात, पण लोकांनी त्याला दिलेत. नीट कोर, रंगवायचे मलाच आहेत.

आता दुसरं. मी शेरा सांगितला त्या दिवशी सगळे हसले, हे खारूने तुला लिहिलं. नर्सबाई हसल्या नव्हत्या. बाकीचे गेल्यावर त्यांनी मला थांबवून विचारलं, जागा कुणाकडे नाही, बाई? मी सांगितलं. चहा झाला, कपबशा विसळल्या, मग मला मागची खोली दाखवली आणि म्हणाल्या, ही तुमची. मी महिनाभर हो म्हटलं नाही. मला वाटलं तू लिहिशील. तुझं पत्र आलं, त्यात चार दिवस होते.

मी परवाच इथे त्यांच्याकडे राहायला आले. तळमजला आहे. खारूने येऊन सगळं लावून दिलं आणि जाताना खूप रडली. तिची काही चूक नाही, तिला काही बोलू नकोस. तुझ्या सुताराला मोकळं कर. कपाटं आहेत तिथे राहू देत.

तुझ्यावर राग नाही असं लिहायला घेतलं होतं, पण खोटं कशाला लिहू, राग आहे. तो हळूहळू जाईल. तू भेटायला ये, जेवून जा. सुनेलाही आण.

एवढ्या लोकांनी मतं दिली तरी तुझी म्हातारी दुकानाच्या फळीवर पोचली नाही. मला राहायला एकच मत पुरलं. ते तुझं असेल असं मला वाटलं होतं.

लोभ आहे. तो असतोच.

तुझी
आई